पुनरुक्तीचा दोष

आपल्या साहित्यशास्त्रकारांनी काव्यदोषांची जी लांबलचक यादी करून ठेविली आहे, तीत पुनरुक्तीलाही स्थान आहे. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त अर्थदोषांमध्ये तिची गणना केलेली आहे. परंतु काव्यातील पुनरुक्तीने रसिकाच्या कानाला थोडा त्रास होतो, यापलीकडे तिच्यापायी कोणाचे राज्य बुडाल्याचे ऐकिवात नाही. ज्या लेखनप्रकारात पुनरुक्ती ही प्रत्यक्ष घातक ठरते, तो मात्र आपल्या साहित्यचर्चेच्या बाहेरच राहिला आहे. हा प्रकार म्हणजे गूढलिपीत लिहिलेला संदेश. प्रस्तुत लेखात ज्या लहानशा कृतीचा विचार करावयाचा योजिला आहे, ती या विषयावरचीच आहे. विल्यम टट या गणितज्ञाने १९९८ साली कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात दिलेले हे ‘फिश आणि मी’ नावाचे व्याख्यान. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याच्या टेलिप्रिंटरवरील गूढसंदेशांना इंग्रजांनी माशांची टोपणनावे दिली होती, त्यावरून हे नाव पडले.

गणित्याच्या व्याख्यानाचे परीक्षण साहित्याच्या मासिकात कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, गूढलिपी उलगडण्याच्या कथा आपण सर्वांनी लहानपणापासून आवडीने वाचल्या आहेत आणि बुद्धिमत्ता म्हणजे काय, याविषयीची आपली कल्पना पुष्कळ अंशी त्या कथांनीच घडविली आहे. ती कल्पना कितपत खरी, हे पाहावयाचे तर त्या कथांशेजारी अशी एखादी सत्यकथा ठेवून दोन्ही ताडून पाहण्यावाचून गत्यंतर नाही.

या जातीच्या कथांची आद्य जननी म्हणजे एडगर ॲलन पो याची १८४३ सालची ‘द गोल्ड बग’. चर्मपत्रावरील आकडे आणि चिन्हे यांच्या गर्दीतून तिचा नायक लग्रांड गाडलेल्या धनाचा पत्ता शोधून काढतो. तो चिन्हे मोजतो. आठाचा आकडा तेहेतीस वेळा आलेला पाहतो. इंग्रजीत ‘ई’ हे अक्षर सर्वांत अधिक येते, म्हणून आठ म्हणजे ‘ई’ असे ठरवितो. आणि तेथून एकेक चिन्ह ढासळू लागते. कॉनन डॉयलने १९०३ मध्ये लिहिलेल्या नाचणाऱ्या माणसांच्या कथेत शेरलॉक होम्सही याच वाटेने जातो. दोन्ही कथांची मांडणी अप्रतिम आहे, याविषयी वाद नाही. परंतु दोघांच्याही प्रतिपक्षाने वापरलेली युक्ती अगदी बाळबोध आहे. प्रत्येक अक्षराला एकच मुखवटा दिलेला असून तो शेवटपर्यंत बदलत नाही. अशा प्रतिपक्षावर मिळविलेल्या विजयाच्या भरात लग्रांड मोठा सिद्धांत सांगून जातो. त्याचा भावार्थ असा की, मानवी बुद्धीने रचलेले कोडे मानवी बुद्धीला नेटाने सोडविता येणार नाही, असे सहसा संभवत नाही. वाचकाला हे वाक्य फार आवडते, कारण त्यात त्याच्या स्वतःच्या बुद्धीचीही स्तुती आहे. दुर्दैव एवढेच की, ते खोटे आहे.

ते खोटे कसे, हे समजण्यासाठी थोडे यंत्रशास्त्रात शिरावे लागेल. वाचकांनी कंटाळू नये. टेलिप्रिंटरमध्ये प्रत्येक अक्षर म्हणजे कागदी पट्टीवरील पाच जागा असतात. प्रत्येक जागी छिद्र असेल किंवा नसेल. १९१७ साली अमेरिकेतील गिल्बर्ट व्हर्नम याने अशी युक्ती काढली की, संदेशाच्या पट्टीबरोबर दुसरी एक किल्लीची पट्टी चालवावयाची आणि दोहोंची एका नियमाने बेरीज करावयाची. दोन्ही पट्ट्यांवरील जागा सारख्या असल्या, तर परिणाम कोरा. भिन्न असल्या, तर छिद्र. ही बेरीज तारेने रवाना होते. या बेरजेचा विशेष गुण असा की, तीच किल्ली पुन्हा एकवार मिळविली म्हणजे ती स्वतःच स्वतःला खोडून टाकते आणि मूळ संदेश जसाच्या तसा वर येतो. जोसेफ मॉबोर्न या सेनाधिकाऱ्याने त्यात अट घातली, ती ही की, किल्ली सर्वस्वी यदृच्छेने निवडलेली असावी आणि एकदा वापरली की पुन्हा कधीही वापरू नये. असे केले तर तो संदेश कोणालाही, कितीही बुद्धी व वेळ खर्च केला तरी, उलगडणार नाही, हे क्लॉड शॅनन याने १९४९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात गणिताने सिद्ध केले आहे. लग्रांडच्या बढाईला हे शंभर वर्षांनी मिळालेले उत्तर.

मग अशा लिप्या फुटतात त्या कशामुळे? टट यांच्या व्याख्यानाचे खरे कथानक येथून सुरू होते.

जर्मन सैन्याने पट्टीऐवजी लोरेन्झ कंपनीचे एक यंत्र घेतले होते. बारा चक्रे फिरून जी अखंड धार बाहेर पडे, ती किल्ली. दोन्ही टोकांची चक्रे एकाच स्थितीत लावावयाची. संदेश पाठविणाऱ्याने ती स्थिती बारा अक्षरांच्या एका खुणेने पलीकडे कळवावयाची. आणि प्रत्येक नव्या संदेशासाठी ती बदलावयाची. ता. ३० ऑगस्ट १९४१ रोजी अथेन्सहून व्हिएन्नाकडे सुमारे चार हजार अक्षरांचा एक संदेश गेला. पलीकडच्या माणसाला तो नीट मिळाला नाही. त्याने उघड भाषेत पुन्हा पाठविण्याची विनंती केली. अथेन्सच्या टंकलेखकाने चक्रे पूर्वीच्याच स्थितीत आणिली आणि संदेश पुन्हा हाताने टंकण्यास आरंभ केला. इंग्लंडमधील ऐकणाऱ्यांच्या हाती दोन्ही खेपांचा मजकूर पडला. दोहोंच्या माथ्यावर तीच बारा अक्षरे होती.

यात काय बिघडले, ते वाण्याच्या तराजूच्या दृष्टांताने सहज ध्यानात येईल. तराजूच्या एका पारड्याखाली कोणी अज्ञात वजनाचा पासंग चिकटविला आहे, असे समजा. एकच पुडी तोलली, तर माल किती आणि पासंग किती हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. परंतु त्याच पासंगासह दोन पुड्या तोलल्या आणि एका वजनातून दुसरे वजा केले, तर पासंग आपोआप निघून जातो. उरते ते केवळ दोन मालांमधील अंतर. तद्वतच एकाच किल्लीने झाकलेल्या दोन गूढसंदेशांची बेरीज केली की किल्ली नाहीशी होते आणि दोन मूळ मजकूर एकमेकांत मिसळलेले तेवढे हाती लागतात. ज्या किल्लीवर सारी भिस्त, तीच हिशेबातून उठून जाते.

येथे व्याख्यानातील माहितीवरून निघणारी, परंतु कथालेखकांच्या सहसा ध्यानात न येणारी एक गोष्ट सांगितली पाहिजे. अथेन्सच्या त्या टंकलेखकाने तोच संदेश अक्षरशः तसाच टंकला असता, तर शत्रूच्या हाती काहीही लागले नसते! दोन्ही गूढमजकूर तंतोतंत सारखे आले असते, त्यांची बेरीज पहिल्यापासून शेवटपर्यंत कोरी निघाली असती आणि कोऱ्या कागदावरून कोण काय वाचणार? परंतु चार हजार अक्षरे दुसऱ्यांदा बडविताना त्याचा हात कंटाळला. आरंभीचा ‘संदेश क्रमांक’ या अर्थाचा जर्मन शब्द पहिल्या खेपेस त्याने पूर्ण लिहिला होता. दुसऱ्या खेपेस, आपण ‘संदेश क्र.’ लिहावे तसा, तो आखडून लिहिला. पहिली सात अक्षरे जुळली. आठव्यापासून दोन्ही मजकूर एकमेकांपासून सरकले. पुढेही जागोजाग विरामचिन्हे गळाली, शब्द आखडले आणि दुसरा संदेश सुमारे पाचशे अक्षरांनी आखूड झाला.

म्हणजे सर्वनाशाला दोन गोष्टी एकत्र याव्या लागल्या: किल्ली तीच आणि मजकूर मात्र थोडासा निराळा. सर्वस्वी नव्यातून काही कळत नाही आणि सर्वस्वी जुन्यातूनही काही कळत नाही. ज्ञान उपजते ते साम्याच्या पोटातील भेदातून. दोन पोथ्या समोर ठेवून पाठभेद पाहणाऱ्या संशोधकाला आणि एका कवीच्या दोन आवृत्त्या ताडणाऱ्या टीकाकारालाही हे सूत्र परिचयाचे आहे. आणि मजकूर निराळा का झाला? तर लिहिणारा मनुष्य होता म्हणून. कीर्तनकाराने एकच आख्यान दोन रात्री लावले, तरी त्याचे शब्द दोन्ही रात्री तेच राहत नाहीत. यंत्राला पुनरुक्ती साधते; माणसाला ती शुद्ध स्वरूपात कधीच साधत नाही.

हे दोन मजकूर विलग करण्याचे काम जॉन टिल्टमन या सेनाधिकाऱ्याने केले. हिंदुस्थानाशीही या गृहस्थाचा संबंध आलेला होता. १९२१ ते १९२९ या काळात तो सिमल्यास सेनेच्या मुख्य कचेरीत रशियन गूढतारा वाचण्याचे काम करीत असे. त्याची रीत ऐकण्यास सोपी आहे. एका मजकुरात अमुक ठिकाणी अमुक शब्द असावा, असे अनुमान करावयाचे आणि तो त्या मिश्रणातून वजा करावयाचा. दुसऱ्या मजकुरात त्याच ठिकाणी अर्थपूर्ण जर्मन अक्षरे उमटली, तर अनुमान खरे. येथे तर दोन्ही मजकूर एकाच संदेशाचे होते. त्यामुळे एकात मिळालेले अक्षर चारदोन घरे पुढे सरकून दुसऱ्यात कामी येई आणि दुसऱ्यातले पहिल्यात. शिडीच्या पायऱ्या चढावे तसे ते दोघे एकमेकांच्या आधाराने वर चढत. या कामी सुमारे दहा दिवस गेले. शेवटी दोन्ही संदेश वाचले गेले. आणि त्याहूनही महत्त्वाची गोष्ट ही की, संदेश वजा जाता मागे जे उरले, ती यंत्राच्या किल्लीची सुमारे चार हजार अक्षरांची धार होती.

हीच धार चोवीस वर्षांच्या टटच्या हाती आली. एका माळ्याचा मुलगा, केंब्रिजमध्ये रसायनशास्त्र शिकलेला, गणिताचा नादी. यंत्र कोणी पाहिलेले नव्हते; ते इंग्रजांच्या दृष्टीस पडले, ते युद्ध संपता संपता. टटला ठाऊक होते ते इतकेच की, बारा अक्षरांच्या खुणेत बहुतेक ठिकाणी पंचवीस अक्षरे वापरीत आणि एका ठिकाणी तेवीसच. त्याने दोहोंचा गुणाकार करून ५७५ हा आकडा काढिला आणि किल्लीतील पाचांपैकी पहिल्या जागेच्या खुणा चौकटीच्या कागदावर तितक्या तितक्या अंतराच्या ओळींनी लिहून काढल्या. अपेक्षिलेली पुनरावृत्ती उभ्या रांगांत दिसेना. पण तिरप्या रेषेत मात्र दिसू लागली. म्हणजे ५७५ च्या जागी ५७४ घ्यावयास हवे होते. त्या संख्येचा एक अवयव ४१ आहे. एकेचाळीसांच्या ओळी करताच पुनरावृत्ती स्पष्ट उमटली आणि एकेचाळीस दात्यांचे पहिले चक्र अदृश्य यंत्रातून बाहेर आले. मग इतर सहकारीही कामास लागले आणि जानेवारी १९४२ पर्यंत बाराही चक्रांची रचना कागदावर उतरली. न पाहिलेल्या यंत्राचे शवच्छेदन म्हणावे, असा हा पराक्रम आहे.

आता हा पराक्रम टट कसा सांगतात, ते पाहावे. लग्रांड आपल्या मित्राला चकित करण्यासाठी शेवटपर्यंत रहस्य राखून ठेवितो. होम्स आपल्या अनुमानांचे प्रदर्शन मांडतो. टट मात्र निवेदन करतात की, खुणा लिहून काढण्याच्या त्या उपायावर आपला फारसा विश्वास नव्हता. पण काही तरी करीत आहोत, असे दिसणे बरे, म्हणून आपण तो केला. ज्याच्यावर महायुद्धातील एका मोठ्या विजयाचा भार आहे, तो मनुष्य आपल्या आयुष्यातील सर्वोच्च क्षणाविषयी असे बोलतो! यात लटका विनय आहे, असे आम्हांस वाटत नाही. शोधाचे खरे स्वरूप बहुधा असेच असते. हात चालू असतो, डोळे उघडे असतात, आणि जेथे पाहावयास गेलो तेथे न दिसलेली गोष्ट थोडी बाजूला दिसते. तिरप्या रेषेकडे दुर्लक्ष न करणे, ही टटची प्रतिभा. या एका कबुलीत जितके मानसशास्त्र आहे, तितके कित्येक रहस्यकथांत मिळून सापडणार नाही.

अर्थात या कृतीत उणिवा नाहीत, असे नाही. व्याख्यान गणितप्रेमी श्रोत्यांपुढे झालेले असल्यामुळे मधला भाग सामान्य वाचकास जड जातो. माणसांची चित्रे त्यात जवळजवळ नाहीत. विशेषतः अथेन्सच्या त्या टंकलेखकाच्या मनात शिरण्याचा प्रयत्न टट करीत नाहीत. आम्हांस तर या नाट्याचा खरा नायक, किंवा म्हणा शोकनायक, तोच वाटतो. तो फितूर नव्हता, मूर्खही नव्हता. समोरच्याने ‘पुन्हा पाठवा’ म्हटले, त्याने पाठविले. नवी स्थिती लावण्याचे, नव्या खुणा कळविण्याचे श्रम वाचविले, आणि हात दुखू लागला तेव्हा शब्द आखडले. दिवसाकाठी आपल्यापैकी प्रत्येकजण कचेरीत जे करतो, तेच त्याने केले. परिणाम मात्र असा झाला की, जर्मन सेनापतींचा अत्यंत गुप्त पत्रव्यवहार पुढे युद्धाच्या अखेरीपर्यंत शत्रूच्या टेबलावर पडू लागला.

रहस्यकथा आणि आता बोलपटही आपणास सांगतात, ते याच्या उलट. २०१४ सालच्या ‘द इमिटेशन गेम’ या बोलपटात ॲलन टुरिंग यांच्याभोवती सारा प्रकाश एकवटलेला आहे. टुरिंग यांच्या थोरवीविषयी शंका नाही. परंतु एकाकी प्रज्ञावंताने यंत्राला जिंकले, एवढेच चित्र घेऊन प्रेक्षक घरी जातो. असल्या चित्राने होणारी हानी केवळ टट किंवा टिल्टमन यांची नावे झाकली जाण्यापुरती नाही. लिपी फोडावयास देवदुर्लभ बुद्धी लागते, असे एकदा मनात ठसले की, आपला शत्रू तितका बुद्धिमान नसेल, या भरवशावर मनुष्य निर्धास्त होतो आणि आपल्याच कंटाळ्याकडे पाहावयाचे विसरतो.

हे विसरणे किती महाग पडते, याची साक्ष इतिहासाने लगेचच दिली. १९४२ च्या आरंभी, युद्धाच्या घाईत, मॉस्को येथे एकदाच वापरावयाच्या किल्ल्यांच्या वह्या छापताना सुमारे पस्तीस हजार पाने दोन दोन वेळा निघाली आणि निरनिराळ्या कचेऱ्यांकडे गेली. ज्या पद्धतीला शॅननच्या सिद्धांताचे कवच लाभावयाचे, तिचे ते कवच या एका दुबार छपाईने फुटले. अमेरिकेत आर्लिंग्टन हॉल येथे १ फेब्रुवारी १९४३ रोजी ज्या कामास आरंभ झाला आणि ज्याला पुढे ‘व्हेनोना’ हे नाव मिळाले, त्यातून सुमारे तीन हजार सोव्हिएट तारा अंशतः वा पूर्णतः वाचल्या गेल्या. क्लाउस फुक्स यांना १९५० मध्ये तुरुंगवास घडला, १९५३ मध्ये रोझेनबर्ग पतिपत्नींना देहांत शिक्षा झाली. या प्रकरणांचा माग त्या तारांतूनच लागला होता. आणि त्या तारा न्यायालयात मात्र कधीच मांडल्या गेल्या नाहीत. त्या जगापुढे आल्या १९९५ साली. कोणा अपरिचित मुद्रकाच्या दुबार छापलेल्या पानांनी माणसांची आयुष्ये तोलली गेली, हे वाचून अंगावर काटा उभा राहतो.

यावर असे म्हणता येईल की, ती युद्धाची धामधूम. आजच्या यंत्रयुगात अशा चुका कोण करील? परंतु घरोघरी आलेल्या बिनतारी जाळ्यांसाठी १९९७ साली ‘वेप’ नावाची जी पद्धत ठरली, तीतही धारेचीच किल्ली होती. दर खेपेस किल्ली निराळी व्हावी, म्हणून तीत जो बदलता आकडा जोडीत, त्याचे प्रकार होते १,६७,७७,२१६. संख्या डोळ्यांत भरण्यासारखी आहे खरी. पण गजबजलेल्या जाळ्यात ती अर्ध्या दिवसाच्या आतच संपून जुने आकडे पुन्हा येऊ लागतात, हे २००१ साली बोरिसॉव्ह, गोल्डबर्ग व वॅग्नर या तिघांनी दाखवून दिले. साठ वर्षांनंतर अथेन्सचा टंकलेखक पुन्हा एकदा आपल्या जागेवर बसला होता. एवढेच की, या वेळी तो कंटाळला नव्हता, त्याचे आकडे संपले होते.

टट यांचे व्याख्यान वाचून खाली ठेवताना म्हणूनच मनात विस्मयापेक्षा एक प्रकारची विनम्रता उरते. लग्रांडची कथा वाचून आपण स्वतःला थोडे शहाणे समजू लागतो. टट यांचे निवेदन वाचून आपण स्वतःला थोडे अधिक ओळखू लागतो. पहिला लाभ रंजक आहे, आणि तो नाकारण्याचे कारण नाही. परंतु चांगल्या वाङ्मयाकडून दुसऱ्या लाभाची अपेक्षा करावयाची असते, आणि ती एका गणित्याच्या साध्या, काहीशा रुक्ष गद्याने पुरी करावी, याचा कथालेखकांनी विचार करावा. पो यांच्या तोलाचा कोणी लेखक पुढे मराठीत निपजला आणि त्याने गूढलिपीवर कथा लिहिली, तर तिच्या केंद्रस्थानी त्याने लिपी फोडणाऱ्यास बसवू नये, अशी आमची त्यास सूचना आहे. तेथे त्याने चार हजार अक्षरे दुसऱ्यांदा टंकावयास बसलेला एक थकलेला मनुष्य बसवावा आणि त्याचा हात आठव्या अक्षरावर कसा आखडतो, ते दाखवावे.